प्रागमधला पब क्रॉल : पैसे खेळांचे मोजा, बिअरचे नव्हे

छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडाचा मोटार कारखाना सुरू झाला आणि तेव्हापासून त्या कंपनीच्या मूळ गावाचे, चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लावचे, नाव आमच्याकडील औद्योगिक वसाहतींत शेजारच्या तालुक्याचे घ्यावे तसे घेतले जाऊ लागले. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील माणसे प्रशिक्षणासाठी तिकडे जाऊन येतात आणि परतल्यावर चहाच्या टपरीवर त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो तिथल्या राजधानीविषयी, प्रागविषयी. गेल्या जूनमध्ये आम्ही तिघे तीन आठवड्यांसाठी म्लादा बोलेस्लावला होतो. एका शनिवारी बसने तासाभराचा रस्ता कापून आम्ही प्रागला गेलो आणि तिथे खेळांचा पब क्रॉल केला. एका मार्गदर्शकाबरोबर संध्याकाळी तीन पब पायी फिरायचे आणि प्रत्येक ठिकाणी अनोळखी प्रवाशांसोबत खेळ खेळायचे, असा हा प्रकार आहे. परत आल्यापासून निदान सात-आठ जणांनी ‘आम्ही जावे का?’ असे विचारले आहे. प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जाते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. आयोजकांचे नाव देत नाही, कारण अशा फेऱ्या तिथे अनेक जण चालवतात आणि माझे म्हणणे एकट्या त्यांच्यापुरते नाही.

माणशी ७०० कोरुना (तिथले चलन) भरले, म्हणजे त्या वेळच्या दराने २,७५० रुपयांच्या आसपास. त्यात तीन पब, पहिल्या ठिकाणी एक बिअर आणि खेळ, दुसऱ्या ठिकाणी एक तास हवी तितकी बिअर, तिसऱ्या ठिकाणी एक शॉट (कडक मद्याचा छोटा पेला) आणि पत्त्यांचे खेळ, आणि शेवटी एका क्लबचा प्रवेश इतके सगळे होते. आता हिशेब पाहा. प्रागच्या साध्या पबमध्ये अर्ध्या लिटरचा पेला आम्हाला ६५ कोरुनांना मिळाला. याचा अर्थ, भरलेले पैसे नुसत्या बिअरमधून वसूल करायचे म्हटले तर दहा-अकरा पेले, म्हणजे पाच लिटरहून अधिक बिअर प्यावी लागेल. ते कोणाच्याही प्रकृतीला झेपणारे नाही. आपण पैसे देतो ते मार्गदर्शकाचे आणि खेळांचे, आणि या सेवेची पारख त्याच दोन गोष्टींवर झाली पाहिजे.

वेळेविषयी आधी सांगतो, कारण आपल्याकडील जुन्या प्रवाशांनी दिलेली माहिती आता चालत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रागच्या नगरपालिकेने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आयोजकांनी नेलेल्या पब क्रॉलवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. आपण स्वतः मित्रांसोबत कितीही वाजेपर्यंत कुठेही बसू शकतो, परंतु मार्गदर्शकाने घोळका घेऊन फिरायचे नाही. जुन्या शहरातील रहिवासी रात्रीच्या आरडाओरड्याला वर्षानुवर्षे कंटाळले होते. आमची फेरी संध्याकाळी सहाला सुरू झाली आणि पावणेदहाला संपली. जूनमध्ये तिथे नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, त्यामुळे जवळजवळ सगळी फेरी उजेडातच झाली, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला ते सोयीचेच आहे.

आमच्यातले एक सहकारी गंगाखेडकडचे. वयाने पन्नाशीच्या पुढचे, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढीला वारी. सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणतो. दुसरा नांदेडचा, पंचविशीतला. अण्णांना हॉटेलवर एकटे सोडून जाणे आम्हाला बरे वाटेना, आणि पबमध्ये या असे म्हणायलाही जीभ रेटेना. शेवटी नांदेडकराने विचारलेच, “अण्णा, तुम्ही येता का? नाहीतर आम्हीबी राहतो.” अण्णा म्हणाले, “येतो की. प्यायचं नाही म्हणल्यावर बसायला काय होतंय?” मग निघण्याआधी आम्ही खोलीवर घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पोटभर खाल्ली. हे मुद्दाम नोंदवतो, कारण उपाशीपोटी या फेरीला जाऊ नये, आणि शाकाहारी माणसाला पबमध्ये पोटभर काही मिळेलच असे नाही. तिथले तळलेले चीज शाकाहारी दिसते, पण त्याला पाव-चुऱ्याचे आवरण देताना अंडे वापरतात. अण्णांनी ते विचारून घेतले म्हणून कळले.

पहिला पब जुन्या शहराच्या चौकापासून पाच मिनिटांवर, एका गल्लीत होता. आम्ही बावीस जण होतो. मार्गदर्शक मुलीने प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिकटपट्टी लावली आणि हातात चौकटींचा एक कागद दिला. प्रत्येक चौकटीत एक वर्णन होते: चार भाषा येणारा माणूस, घरी गाय असलेला माणूस, बर्फ कधीच न पाहिलेला माणूस, आजीसोबत राहणारा माणूस. अशी माणसे खोलीत शोधायची, त्यांच्याशी बोलून खात्री करायची आणि चौकटीत त्यांची सही घ्यायची. सांगताना हा खेळ पोरकट वाटतो. प्रत्यक्षात दहा मिनिटांत त्या खोलीत एकही माणूस भिंतीला टेकून मोबाइल पाहत नव्हता. नांदेडकराला मराठी, हिंदी, तेलुगू, इंग्रजी आणि दखनी येते, त्यामुळे त्याच्यापुढे रांग लागली. घरी गाय असलेले संपूर्ण खोलीत दोघेच निघाले, एक आयर्लंडचा तरुण आणि दुसरे अण्णा. दोघांनी मोबाइलवर एकमेकांच्या गायींची छायाचित्रे पाहिली. आयर्लंडच्या तरुणाला अण्णांच्या लालकंधारीचा तांबूस रंग फार आवडला, आणि ती पावसाशिवायच्या मुलखात कशी तग धरते हे तो खोदून खोदून विचारत राहिला. अण्णांच्या चिकटपट्टीवर ‘अण्णा’ असे रोमन लिपीत लिहिलेले पाहून पोलंडची एक मुलगी धावत आली, कारण तिचेही नाव आन्ना होते. आमच्याकडे थोरल्या भावाला, वडीलधाऱ्याला असे म्हणतात, हे मी तिला समजावले, तेव्हापासून ती त्यांना भावाच्या नात्यानेच हाक मारू लागली.

यानंतर बिअर पाँग झाला. लांब टेबलाच्या दोन्ही टोकांना दहा-दहा पेले त्रिकोणात मांडतात आणि टेबल टेनिसचा चेंडू समोरच्या पेल्यात टाकतात. चेंडू पेल्यात पडला की समोरच्या गटाने तो पेला बाजूला काढून घोट घ्यायचा. येथे मार्गदर्शक मुलीने दोन गोष्टी अशा केल्या, की त्यासाठी तिला पूर्ण गुण द्यावेत. एक म्हणजे, मांडलेल्या पेल्यांत तिने बिअर न ओतता पाणी ओतले आणि पिण्याचे पेले वेगळे ठेवले, कारण चेंडू जमिनीवरून दहा वेळा लोळून आलेला असतो. दुसरी म्हणजे, तिने सुरुवातीलाच सर्वांना सांगितले, की ज्याच्या पेल्यात जे असेल ते त्याने प्यावे, कोणी कोणाला त्याचे कारण विचारायचे नाही. अण्णांच्या पेल्यात कोफोला होता. कोफोला हे तिथले वनस्पतींच्या अर्काचे गडद रंगाचे शीतपेय, १९६० मध्ये चेकोस्लोव्हाकियात कोकाकोलाला पर्याय म्हणून काढलेले. न पिणाऱ्या माणसाने तेच मागावे. ते अनेक पबमध्ये नळातून बिअरसारख्याच पेल्यात भरून मिळते आणि टेबलावर आपण वेगळे पडत नाही.

अण्णांचा तो खेळ मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. लहानपणी त्यांनी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे राखली आहेत. पहिले दोन चेंडू त्यांनी वाया घालवले. तिसऱ्याला त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, उजवा पाय मागे घेतला, चेंडू बोटांच्या टोकावर एकदा तोलला आणि हात वर न नेता कोपरापासून हलकेच सोडला. चेंडू पेल्याच्या काठावर एक गिरकी घेऊन आत बसला. त्यानंतरच्या सहा फेकींपैकी चार आत गेल्या. एरवी कारखान्यात दिवसाला चार वाक्ये बोलणारे हे गृहस्थ त्या संध्याकाळी पाच देशांच्या मुलांना ‘नेम डोळ्याने धरायचा, हाताने नाही’ हे हातवाऱ्यांनी शिकवत होते. या पहिल्या तासासाठी मी पुन्हा ७०० कोरुना देईन.

दुसऱ्या पबमध्ये, तळघरात, ‘हवी तितकी बिअर’चा तास होता, आणि माझी खरी तक्रार त्याबद्दलच आहे. बिअर प्लॅस्टिकच्या पेल्यांत, घाईघाईने, जवळजवळ फेसाविना भरून दिली जात होती. घड्याळाकडे पाहत पिणारी माणसे एकमेकांशी बोलत नाहीत. तासाभरापूर्वी गायींच्या गप्पा मारणारी मंडळी आता नळासमोर रांगेत उभी होती, आणि एक पेला संपण्याआधीच दुसरा घेऊन ठेवत होती. या तासात एकही खेळ झाला नाही. मार्गदर्शक मुलीने दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तास संपला तेव्हा लांब टेबलावर अर्धे भरलेले पेले मी मोजले. एकोणीस होते. ते सगळे एका बादलीत ओतले गेले.

मराठवाड्याच्या माणसाला हे दृश्य साधे वाटत नाही. आमच्या वाळूजच्या वसाहतीतही बिअरचे कारखाने आहेत, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागत होते तेव्हा, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी कापण्याचा आदेश दिला होता. एक लिटर बिअरला कित्येक लिटर पाणी लागते हे त्या वर्षी आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ झाले होते. आयोजकांनी त्या तासाऐवजी प्रत्येकाला दोन पेल्यांची कूपने दिली, तर पैसेही तेवढेच घेता येतील, बिअर वाया जाणार नाही आणि खेळ चालू राहतील. हे मी त्यांना लेखी कळवले आहे.

दुसऱ्या पबकडून तिसऱ्याकडे जाताना गल्ली अरुंद होती आणि काही जणांचे आवाज चढले होते. मार्गदर्शक मुलगी मध्येच थांबली, मागे वळली आणि तिने वरच्या मजल्यावरच्या एका उघड्या खिडकीकडे बोट दाखवले. तिथे पडद्याला बाळाची झबली वाळत घातली होती. ती हळू आवाजात म्हणाली, की इथे लोक राहतात, पुढचे दोनशे पावले कोणी बोलायचे नाही. सगळे गप्प झाले आणि दगडी फरशीवर फक्त पायांचा आवाज येत राहिला. माझे घर औरंगपुऱ्यात आहे. लग्नसराईत खिडकीखालून वरातीचा डीजे जातो तेव्हा घरातल्या काचा थरथरतात, आणि कोणी तक्रार केली तर तोच माणूस वाईट ठरतो. त्यामुळे त्या मुलीचे ते थांबणे मला फार मोलाचे वाटले. जाता जाता सांगतो, या भागात रस्त्यावर उघड्यावर मद्य पिण्यास मनाई आहे, तेव्हा हातात पेला घेऊन पबबाहेर पडू नये. आणि फरशी खडबडीत असल्याने टाचांची पादत्राणे घालू नयेत.

तिसऱ्या पबमध्ये दारातच शॉट दिला गेला. तो निळसर, अतिशय गोड होता आणि कोणत्या बाटलीतून ओतला ते दाखवले गेले नाही. मी विचारले, तर ‘घरचा’ एवढेच उत्तर मिळाले. मी तो घेतला नाही आणि इतरांनीही घेऊ नये असे मला वाटते. सप्टेंबर २०१२ मध्ये चेक प्रजासत्ताकात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने अनेकांचे प्राण घेतले आणि सरकारला २० टक्क्यांहून कडक मद्याची विक्री काही काळ देशभर थांबवावी लागली होती. हातभट्टीच्या बातम्या वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिथला स्वाद घ्यायचाच असेल तर कार्लोवी वारीची बेखेरोव्का, म्हणजे १८०७ पासूनचे वनौषधींचे मद्य, मागावी आणि ती सीलबंद, लेबल असलेल्या बाटलीतून ओतून घ्यावी.

पत्त्यांचा खेळ असा होता, की पान उचलायचे आणि त्यावर ठरलेल्या नियमाने एक तर प्यायचे किंवा प्रश्नाचे उत्तर द्यायचे. पहिली दहा मिनिटे ठीक गेली. नंतर प्रश्न खासगी, आणि पुढे अश्लील होत गेले. कोरियाची एक मुलगी मान खाली घालून बसली आणि थोड्या वेळाने पाणी आणते असे सांगून उठली, ती परत टेबलाशी आली नाही. मार्गदर्शक मुलीच्या हे उशिरा लक्षात आले. पहिल्या खेळात ‘कारण विचारायचे नाही’ हा नियम जिने इतक्या समंजसपणे घातला, तिने येथेही ‘उत्तर न देता पान खाली ठेवता येईल’ एवढा एक नियम घातला असता, तर त्या मुलीची संध्याकाळ वाचली असती. अण्णा, पोलंडची आन्ना आणि मी शेजारच्या टेबलावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने ती कोरियन मुलगीही आमच्याकडे आली. बरोबर पावणेदहाला मार्गदर्शकाने निरोप घेतला. क्लबच्या प्रवेशासाठी हातावर शिक्का मारून दिला, पण रस्ता ज्याचा त्याने शोधायचा होता. जाहिरातीत मात्र ‘शेवटी आम्ही तुम्हाला क्लबमध्ये नेतो’ असे लिहिले होते. रात्री दहानंतर त्यांना नेता येत नाही हे मान्य, मग तसे लिहूही नये. आम्ही क्लबला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही तिघे प्रागच्याच झिझकोव या भागातल्या एका साध्या होस्पोदामध्ये, म्हणजे वस्तीतल्या पबमध्ये, आपले आपण गेलो, आणि या फेरीत काय शिकवायला हवे होते ते तिथे लक्षात आले. आपल्याकडे परमिट रूम म्हटले की काळ्या काचा, मंद दिवे आणि ओळखीचे कोणी पाहू नये म्हणून कोपऱ्यातली जागा. तिथे शेजारच्या टेबलावर आजोबा, सून आणि रंगखडूने चित्र काढणारे नातवंड असे कुटुंब बसले होते. वाढप्याने टेबलावर कागदाची एक चिठ्ठी ठेवली आणि प्रत्येक पेल्यामागे तिच्यावर एक रेघ ओढली. उठताना रेघा मोजून पैसे द्यायचे. पेला रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो. नको असेल तर पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती उचलून पेल्यावर झाकायची, की वाढप्याला कळते. फळ्यावर १०, ११, १२ असे आकडे होते. ते मद्यार्काचे प्रमाण आहे असे समजून नांदेडकर घाबरला होता. पण ते अंश म्हणजे आंबवण्याआधीच्या द्रवात विरघळलेल्या साखरेचे मान आहे, आणि दहा अंशांच्या बिअरमध्ये मद्यार्क साधारण चार टक्के, बारा अंशांच्यात पाच टक्क्यांच्या आसपास असतो. वर तीन बोटे दाट, ओला फेस असतो. तो फसवणुकीचा नव्हे. बिअरचा वास आणि ताजेपणा टिकावा म्हणून तो मुद्दाम ठेवतात. जगभर आज जी सोनेरी, नितळ बिअर प्यायली जाते आणि जी वाळूजमध्येही बनते, तिचा पहिला घाणा प्रागच्या पश्चिमेला पिल्सेन येथे १८४२ मध्ये योझेफ ग्रोल यांनी काढला. शनिवारच्या तीन पबमध्ये यातले एक अक्षर आम्हाला कोणी सांगितले नाही. दुसऱ्या पबमधला तो तास या माहितीसाठी आणि शांतपणे चाखण्यासाठी वापरला असता, तर कोणाचीच तक्रार राहिली नसती.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. तिकडे मद्यपानाचे वय १८ आहे. आपल्याकडे बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ असल्याने तरुण मंडळी तिथे एकदम मोकळी सुटतात, त्यांच्यासोबत एखादा मोठा माणूस असावा. वाहन चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या मद्याची मर्यादा शून्य आहे, म्हणून भाड्याची गाडी घेऊन जाऊ नका. रात्री मध्यरात्रीनंतर मेट्रो थांबते, परंतु ९१ ते ९९ क्रमांकाच्या ट्राम रात्रभर धावतात आणि त्या सगळ्या लाझार्स्का या थांब्यावर येऊन मिळतात, एवढे एक नाव लक्षात ठेवले तर कुठूनही हॉटेल गाठता येते. पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न लिहून विचारा: गट किती माणसांचा असतो, न पिणाऱ्याला दर कमी आहे का, आणि पत्त्यांच्या खेळात प्रश्न नाकारता येतो का. आमच्या आयोजकांनी अण्णांकडून पूर्ण पैसे घेतले, आणि ते योग्य नव्हते.

पाचपैकी मी तीन तारे देतो. ते तिन्ही पहिल्या तासाचे आणि त्या गल्लीतल्या दोनशे पावलांचे आहेत. अण्णांना विचारले तर ते चार देतात. आयर्लंडच्या त्या तरुणाने परवा त्यांना नव्या कालवडीचे छायाचित्र पाठवले आहे.